चादरीचा तुकडा, लग्नपत्रिका आणि खळ: घरच्या सामानातून पहिलं कोलाज

कोलाज, म्हणजे तुकडे चिकटवून केलेलं चित्र, शिकायचंय म्हटलं की बहुतेक जण पहिल्यांदा स्टेशनरीच्या दुकानात जातात. रंगीत कार्डशीट, टिकल्या, ग्लिटर, गोंदाची ट्यूब असं सामान घेऊन घरी येतात आणि मग यातून करायचं काय, हा प्रश्न पडतो. माझा आग्रह उलटा आहे. दुकानात जाऊ नका. जुनी चादर, माळ्यावरच्या लग्नपत्रिका, दुधाच्या पिशव्या, रद्दीचा गठ्ठा हे आधी बाहेर काढा आणि त्यातली कुठली वस्तू काही सुचवतेय का ते बघा. चित्र सामानातून निघालं पाहिजे. चित्र आधी ठरवून सामान नंतर शोधलं तर हाती येतं ते नुसतं चिकटकाम.

अशा कोलाजला मिक्स्ड मीडिया म्हणतात: कागदाबरोबर कापड, दोरा, पान, चकचकीत वेष्टन, रंग, पेन्सिल असं सगळं एकाच चित्रात वापरणं. पिकासोने १९१२ साली एका चित्रात खुर्चीच्या वेताची वीण छापलेलं ऑइलक्लॉथ, म्हणजे मेणकापड, सरळ चिकटवलं आणि चौकट म्हणून चित्राभोवती दोर लावला. ती वीण हुबेहूब रंगवणं त्याला अवघड नव्हतं. पण बाजारातली खरी वस्तू चित्रात आली की नजर तिच्यावर दोनदा थांबते, एकदा खुर्ची म्हणून आणि एकदा कापड म्हणून. नवशिक्याने एवढीच गोष्ट घट्ट धरून ठेवावी. चादरीचा तुकडा चित्रात देऊळ झाला, तरी ती चादर आहे हे दिसलं पाहिजे. ते दिसणार नसेल तर सरळ रंग वापरावा, सोपा पडतो.

या लेखात एकच चित्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत करू: सोलापूरचा सिद्धेश्वर तलाव, पाण्यातलं देऊळ आणि मागे किल्ल्याची भिंत. सोलापुरातल्या कुणालाही ते डोळे मिटून आठवतं, म्हणून रेखाटनाची धास्ती वाटत नाही. दुसरं कारण चादरीत दडलंय, ते पुढे येईल.

सामान: आपल्याकडे काय आहे

सोलापुरी चादर सगळ्यांत आधी. अंगावर घ्यायच्या कामाची न उरलेली, इस्त्रीखाली घालायला ठेवलेली एखादी प्रत्येक घरात असते. दोन रंगांची घ्या. ही चादर जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, दोन थरांत विणलेली असते, त्यामुळे एका बाजूला पांढऱ्यावर तांबडी नक्षी असेल तर उलट्या बाजूला तीच नक्षी तांबड्यावर पांढरी दिसते. नक्षी एकच, रंगांची अदलाबदल. आपलं सगळं चित्र या एका गोष्टीवर उभं राहणार आहे. विरलेला भाग टाळून वीतभर तुकडा कापून ठेवा.

टर्किश टॉवेलचा तुकडाही हवा. त्याची उभी फासं झाडीसाठी छान लागतात.

सोलापूरच्या पूर्व भागात, म्हणजे विणकरांच्या वस्तीत, कुणाची ओळख असेल तर जॅकार्डची भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं मागा. बऱ्याच मागांवर आता इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आलंय, त्यामुळे जुनी कार्डं भंगारात निघतात. नक्षीच्या कुठल्या ओळीला कुठला धागा उचलायचा हे त्या भोकांनी ठरायचं, म्हणजे ते कार्ड ही चादरीची लिपीच आहे. पाठीमागून पिवळा कागद लावला की दिव्यांची माळ होते, आणि वरून स्पंजने रंग थोपटला की ठिपक्यांचा छाप मिळतो. कार्ड नाही मिळालं तर जाड पुठ्ठ्याला दाभणाने ओळीत भोकं पाडा, काम भागतं.

रद्दीच्या दुकानात जाल तेव्हा एकाच भाषेचे पेपर घेऊ नका. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू असे चारही मागा. आपल्या गावात हे सहज जमतं. दूर धरून बघितलं की प्रत्येक पानाचा पोत वेगळा दिसतो. देवनागरीच्या शिरोरेघा पानभर आडव्या रेषा ओढतात, तेलुगू आणि कन्नड अक्षरांच्या गोलाईने पान दाणेदार वाटतं, उर्दू पान वाहतं. आकाशासाठी एवढा सुंदर कागद विकत मिळणार नाही.

विड्या वळणाऱ्या घरी तेंदूपत्ता साच्यावर कापून उरलेले तुकडे असतात. ते एरवी चुलीत जातात. शेजारच्या अक्कांना सांगून ठेवलंत तर मूठभर बाजूला काढून ठेवतील. ते दोन-तीन दिवस जाड पुस्तकात दाबून पूर्ण वाळवा. करडा, तपकिरी, मधेच हिरवट असा रंग आणि चामड्यासारखा पोत. किल्ल्याच्या दगडांना याहून चांगलं काही सुचत नाही.

बाकीचं घराघरात असतंच: लग्नपत्रिका, चहाच्या पुड्यांची आतून चांदी असलेली वेष्टनं, गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या, साडीचे काठ, कालनिर्णयची सरलेली पानं, लोकर, शिवणाचे दोरे. शेताशी संबंध असेल तर ज्वारीच्या ताटाचं चिपाड आणि आतला पांढरा भेंड आणा. लहानपणी त्याच्या बैलगाड्या केल्या असतील, तोच भेंड. ब्लेडने पातळ चकत्या निघतात आणि वजन जवळपास नसतंच.

काय आणू नये तेही सांगते. ज्वारी, डाळी, तांदूळ चित्रात नकोत. दिसायला छान दिसतात, पण काही महिन्यांत किडे होतात आणि ते फ्रेमच्या आत फिरायला लागतात. ओली पानं-फुलं नकोत, बुरशी धरते. आजी-आजोबांचे मूळ फोटो तर कधीच नकोत. झेरॉक्स काढा आणि ती वापरा. लग्नपत्रिकेवरचा गणपती किंवा कुलदैवताची छबी कापताना अनेकांचा हात अडखळतो. तसं वाटत असेल तर तो भाग आधीच नीट कापून देव्हाऱ्याजवळ ठेवा आणि उरलेल्या पत्रिकेचं सोनेरी काम बिनधास्त घ्या.

जमलेलं सामान कागद, कापड असं लावू नका. गडद, मध्यम आणि फिकं असे तीन ढीग करा. नवशिक्याचं चित्र फसतं ते बहुधा इथे: सगळेच तुकडे सारखेच भडक, त्यामुळे नजरेला थारा मिळत नाही. शंका आली तर मोबाईलवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढा. दोन तुकडे फोटोत एकच दिसले तर ते शेजारी-शेजारी ठेवून उपयोग नाही, मग एक लाल असो नि एक हिरवा.

एकदा डोळे मिटूनही ढिगातून हात फिरवा. चित्रकार बिनोद बिहारी मुखर्जींची दृष्टी १९५०च्या दशकात गेली, त्यानंतर त्यांनी रंगीत कागद कापून कोलाज केली. रंग दिसत नसताना आकार, कड, जाडी हे सगळं बोटांनी ठरवायचं. ही कला हाताला किती कळते हे त्यांच्या कामातून समजतं. खरखरीत, गुळगुळीत, उबदार, थंड असा फरक ज्या तुकड्यांत पटकन जाणवतो, ते चित्रातही एकमेकांना उठाव देतात.

पाया

पहिलं चित्र लहान करा, २० × २५ सेंटिमीटर पुरे. बुकबाइंडिंगवाल्याकडे राखाडी रंगाचा कडक पुठ्ठा मिळतो, तो किमान दोन मिलिमीटर जाड घ्या. खोक्याचा नालीदार पुठ्ठा सरावाला ठीक आहे, पण ओला झाला की नाल्या वर उमटतात आणि चादरीसारखं जड कापड त्याला सोसत नाही.

पुठ्ठा वाकतो ही पहिली तक्रार असते. कारण साधं आहे. पुढच्या बाजूला ओला कागद लावला, तो वाळताना आकसला आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढून घेतलं. म्हणून मागच्या बाजूलाही तसाच कागद त्याच दिवशी लावायचा, म्हणजे दोन्हीकडची ओढ सारखी होते. कागदातल्या तंतूंनाही दिशा असते. वर्तमानपत्र उभं फाडून बघा, सरळ फाटतं. आडवं फाडलं की वेडंवाकडं जातं. पुढच्या आणि मागच्या कागदाची ही दिशा एकच ठेवा.

खळ आणि फेव्हिकॉल

कागदाला खळ, कापडाला आणि जाड वस्तूला फेव्हिकॉल. एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मे प्रश्न सुटतात.

सुताला खळ देणाऱ्या गावात खळ शिकवायला नको, तरी प्रमाण सांगते. दोन मोठे चमचे मैदा थोड्या गार पाण्यात गुठळी न राहता कालवा. वाटीभर पाणी उकळून त्यात हे मिश्रण ओता आणि मंद आचेवर सतत ढवळत रहा. चार-पाच मिनिटांत पांढरेपणा जाऊन ती काचेसारखी झिरझिरीत दिसायला लागते. तेव्हा उतरवा, गाळा, गार होऊ द्या. खळीचा मोठा फायदा म्हणजे ती लगेच धरत नाही. तुकडा सरकवायला, उचलून पुन्हा ठेवायला वेळ मिळतो. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते, वास आला की टाकून द्यायची. कसर लागू नये म्हणून बाइंडिंगवाले तिच्यात चिमूटभर मोरचूद घालतात. मोरचूद विषारी आहे. घरात लहान मुलं असतील तर नकोच, आणि घालायचाच असेल तर त्याचं भांडं, चमचा कायमचा वेगळा ठेवा.

फेव्हिकॉल दोन रूपांत लागतो: दाट, तसाच, चादर-पुठ्ठ्यासाठी, आणि दुप्पट पाणी घालून पातळ केलेला, कापडाच्या कडा बांधायला. दुधाची पिशवी, गोळ्यांची पट्टी अशा गुळगुळीत वस्तूंना मात्र तो धरत नाही. त्यातलं पाणी कुठेतरी मुरावं लागतं, आणि प्लॅस्टिकमध्ये ते मुरत नाही. आज चिकटल्यासारखं वाटतं, आठवड्यात सुटतं. अशा वस्तू सुई-दोऱ्याने टाचा किंवा रबरी गोंद वापरा, आणि तो वापरताना खिडक्या उघड्या ठेवा, वास उग्र असतो. चहाच्या वेष्टनाची एक बाजू कागदी असेल तर ती बाजू खाली ठेवून फेव्हिकॉल चालतो.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचं वेगळं सांगायला हवं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असताना दुपारी पंख्याखाली बसलात, तर ब्रश कागदापर्यंत जाईतो गोंद वाळलेला असतो आणि कागदाच्या कडा वर उचलतात. सकाळी लवकर किंवा दिवेलागणीनंतर काम करा. पंखा बंद ठेवा, गोंदाच्या वाटीवर ओलं फडकं टाका. पावसाळ्यात उलट, एक थर पूर्ण वाळायला दीड-दोन दिवस लागू शकतात. घाई करू नका, आत ओल राहिली की काळे ठिपके धरतात.

कागदाला रंग चढवणं

पांढराशुभ्र कागद कोलाजमध्ये उपरा दिसतो. त्याला थोडं मळवावं लागतं. कडक काळा चहा करून गार झाल्यावर रुंद ब्रशने फिरवा. वाळताना कडेला गडद रेघ धरते, ती राहू द्या. वर्तमानपत्रांच्या तुकड्यांना असा एक हात दिला की चारही लिप्या एका आकाशात बसतात.

चहा दिलेल्या कागदावर एक गंमत करून बघाच. गंजलेले खिळे दोन दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. ते पाणी ब्रशने चहाच्या डागावर लावलं की डोळ्यांदेखत करडं-काळं होत जातं. चहातलं टॅनिन आणि लोखंड एकत्र आल्यावर हा रंग तयार होतो. जुनी काळी शाई याच तत्त्वावर व्हायची. पाण्याची गडद रेघ, किल्ल्याची सावली यासाठी थोडाच वापरा, कारण या आम्लाने कागद पुढे ठिसूळ होतो.

हळदीचं पाणी आणि त्यावर पानाचा चुना पातळ करून लावला की कुंकवाच्या जवळ जाणारा लाल येतो. मुलांना फार आवडतं. पण हळद उजेडात उडून जाते, तेव्हा टिकाऊ चित्रात तिच्यावर भिस्त नको.

कागद कापायचा की फाडायचा? देऊळ, भिंत, पायरी अशा माणसाने बांधलेल्या गोष्टी कात्रीने. आभाळ, झाडं, पाणी हाताने फाडून. छापील कागद फाडला की दोन तुकड्यांपैकी एकाच्या कडेला आतला पांढरा भाग उघडा पडतो आणि दुसऱ्याची कड स्वच्छ राहते. कुठल्या हातातल्या तुकड्याला ती पांढरी कड येते ते एकदा बघून ठेवा. ढगांना ती कड हवी असते, झाडांना नको असते.

देऊळ आणि त्याचं प्रतिबिंब

आता चादर. आधी तुकड्याच्या दोन्ही बाजूंना पातळ केलेला फेव्हिकॉल लावून प्लॅस्टिकच्या कागदावर वाळवा. वाळल्यावर तो दिसत नाही, पण धागे बांधले जातात आणि कापड जाड कागदासारखं कापता येतं. ही पायरी गाळली तर कात्री लागताक्षणी कडेचे सूत सुटायला लागतात.

लग्नपत्रिकेच्या जाड कागदावर देवळाची बाह्यरेषा काढा: शिखर आणि खाली मंडपाची बैठी बांधणी, बस. खांब, कळसाचं नक्षीकाम काढत बसू नका, नक्षी चादरीत आहेच. ही आकृती कापून घ्या, हा झाला साचा. चादरीची फिकी बाजू वर ठेवून या साच्याने दोन आकृत्या आखा आणि टेलरच्या धारदार कात्रीने कापा. दोन्ही आकृत्यांत नक्षीचा एकच भाग येईल असं बघून आखलं तर उत्तम.

एक तुकडा पुठ्ठ्यावर उभा ठेवा. दुसरा त्याच्यावर तंतोतंत ठेवा आणि पायाची रेष धरून वहीच्या पानासारखा खाली उलटा. शिखर आपोआप खाली जातं, उलटी बाजू वर येते, रंग बदलतात. वर पांढऱ्यात देऊळ, खाली तांबड्यात त्याचं प्रतिबिंब, नक्षी तीच. फिक्या वस्तूचं पाण्यातलं प्रतिबिंब मूळ वस्तूपेक्षा गडद दिसतं, म्हणूनच फिकी बाजू वर घ्यायला सांगितली. यात ब्रशचा एकही फटकारा नाही. विणकराने विणतानाच ते केलेलं असतं, आपण फक्त कापड उलटलं.

प्रतिबिंब हलतं करायचं तर खालचा तुकडा सेंटिमीटरभर रुंदीच्या आडव्या पट्ट्यांत कापा. क्रम न मोडता पट्ट्या एकेक करून थोड्या डावी-उजवीकडे सरकवा. देवळाजवळच्या अगदी थोड्या, खाली येता येता जास्त. दोन पट्ट्यांच्या मधे चहाच्या पुडीच्या चांदीची बारीक फीत घाला. फीत सलग नको. तीन-चार ठिकाणी, तीही तुटक. सगळीकडे चमक आली की पाणी हरवतं आणि वेष्टन तेवढं दिसतं.

जुळणी

या टप्प्यावर गोंदाची बाटली दुसऱ्या खोलीत ठेवा. खरंच ठेवा. जुळणीला चिकटवण्याच्या तिप्पट वेळ द्यायला हवा, आणि बाटली समोर असली की हात तिच्याकडे जातो.

पुठ्ठ्याच्या मध्याच्या थोडं वर पाण्याची रेष धरा. वर फाडलेल्या वर्तमानपत्रांचं आकाश, मागे एका बाजूला तेंदूच्या तुकड्यांची किल्ल्याची भिंत, तिच्या पायाशी टॉवेलची झाडी. दगड रचताना तुकडे एका मापाचे कापू नका, आणि खालच्या ओळीचा सांधा वरच्या दगडाच्या मधोमध येऊ द्या, गवंडी रचतो तसं. देवळाकडे जाणारी वाट भेंडाच्या चकत्यांनी करा. जॅकार्डच्या कार्डाची एक अरुंद पट्टी काठावर आडवी ठेवलीत, तर गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, दिवसांत होम मैदानाकडून दिसणारे दिवे होतात. भोकांमागे पिवळा कागद सगळीकडे नको, काही भोकं अंधारात राहू द्या.

साडीचा काठ कुठे लावू, असं नवशिके हमखास विचारतात, कारण तो सुंदर असतो आणि टाकवत नाही. या चित्रात नका लावू. इथे चादर बोलतेय. तिच्या शेजारी जरीचा काठ आला की दोघी एकमेकींचा आवाज दाबतात. काठ पुढच्या चित्राला ठेवा. एका चित्रात एकच वस्तू पुढे असावी, बाकीच्यांनी तिला जागा द्यावी.

मांडून झालं की वरून फोटो काढा आणि तसंच रात्रभर राहू द्या. घरात वारा येत असेल तर वर मोठं ताट पालथं घाला. सकाळी पहिली नजर कुठे जाते ते बघा. ती देवळावर न जाता एखाद्या ठळक मथळ्यावर किंवा जाहिरातीतल्या चेहऱ्यावर गेली, तर तो तुकडा बदला. वर्तमानपत्रातली मोठी अक्षरं वाचली जातात, बारीक अक्षरं नुसती दिसतात. आपल्याला दिसणारी हवीत.

चिकटवणं

समाधान झाल्यावर शेवटचा फोटो काढून मगच तुकडे उचला, तो फोटो समोर ठेवून काम करा. मागचं आधी, पुढचं नंतर. पातळ आधी, जाड नंतर. आकाशाचा कागद लावताना खळ पुठ्ठ्याला लावा, कागदाला नको, नाहीतर वर्तमानपत्र हातातच फाटतं. वर बटर पेपर ठेवून मधून कडेकडे तळहाताने सारवत न्या. फुगा राहिलाच तर वाळल्यावर टाचणीने टोचा, थेंबभर खळ आत सोडा, दाबा.

कागदाचे सगळे थर झाले की मागच्या बाजूचा कागद लावा, दोन्हीकडे बटर पेपर घालून जड पुस्तकांखाली रात्रभर दाबा. चादर, टॉवेल, भेंड हे दुसऱ्या दिवशी. चादरीच्या तुकड्याला दाट फेव्हिकॉल कडेपर्यंत लावा. मधे भरपूर आणि कडेला कोरडं राहिलं तर कड उचलते. टॉवेल आणि भेंडावर पुस्तकं ठेवू नका, फासं बसतात आणि भेंड चेपतो. हाताने मिनिटभर दाबलं तरी पुरतं.

दोरा, पेन्सिल आणि थोडा रंग

इथे हात आखडता घ्यायचा. पाण्याच्या रेषेवर एकच टाका धावदोऱ्याचा, चादरीतून निघालेल्याच सुताने, हे मला सगळ्यांत आवडतं. पुठ्ठ्याला सुई थेट जात नाही. आधी दाभणाने भोकं पाडा, खाली जुनी चप्पल किंवा थर्माकोल ठेवा. झाडीच्या मुळाशी, भिंतीखाली मऊ पेन्सिलने सावली द्या म्हणजे तुकडे जमिनीवर टेकतात, हवेत तरंगत नाहीत. रंग लागलाच तर पोस्टर कलर नको, ओल लागली की पसरतो. ॲक्रिलिकची एक पांढरी आणि एक काळी छोटी बाटली पुरते.

जुना फोटो चित्रात आणायचा असेल तर त्याची लेझर किंवा झेरॉक्स प्रत वापरा. इंकजेटची शाई पाण्याने वाहते. प्रत आरशातल्यासारखी उलटी काढून घ्या, ॲक्रिलिक मीडियमने (रंगाविना मिळणारं पारदर्शक ॲक्रिलिक) छापील बाजू खाली करून चिकटवा, पूर्ण वाळू द्या, मग ओल्या बोटाने पाठचा कागद हळूहळू चोळून काढा. काळी छाप मागे राहते. फेव्हिकॉलवर हे करताना फार जपावं लागतं, तो पाण्याने पुन्हा मऊ पडतो.

फ्रेम

चित्रावर फेव्हिकॉल-पाण्याचा हात फिरवून चकाकी आणायची पद्धत सर्रास दिसते. मी ती सांगत नाही. पावसाळ्यात तो थर चिकट होतो आणि आपल्या गावची धूळ त्यावर कायमची बसते; शिवाय चादरीचं सूत प्लॅस्टिकसारखं दिसायला लागतं. काचेची फ्रेम करा. फ्रेमवाल्याला सांगा की काच चित्राला टेकता कामा नये. चारी कडांना आतून पुठ्ठ्याच्या पट्ट्या लावून टॉवेलच्या जाडीपेक्षा जास्त अंतर ठेवायला लावा. काच टेकली की आत दमट हवा कोंडते आणि बुरशीला वाट मिळते.

वर्तमानपत्राच्या कागदात लाकडातलं लिग्निन असतं, त्यामुळे उजेडात तो पिवळा पडणारच. चहाचा हात दिल्यामुळे ते खुपत नाही, तरी पश्चिमेच्या खिडकीसमोरची भिंत टाळा, तिथे दुपारचं ऊन थेट येतं. स्वयंपाकघरही नको, फोडणीची वाफ कापडात मुरते. ओल येणाऱ्या भिंतीवर लावायचं असेल तर फ्रेमच्या मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांना बाटलीच्या बुचाच्या चकत्या चिकटवा, म्हणजे मागून हवा खेळते.

फ्रेम बंद करण्याआधी पुठ्ठ्याच्या मागे पेन्सिलने तारीख लिहा, आणि चादर कुणाची, पत्रिका कुणाच्या लग्नाची, कार्ड कुठल्या मागावरचं हेही लिहा. उरलेले तुकडे गडद, मध्यम, फिकं असे तीन पाकिटांत भरून ठेवा. साडीचा काठ वेगळ्या पाकिटात, दुसऱ्या चित्राची सुरुवात त्याच्यापासून करा.